आम्हाला व्यासपीठ नको, एक खोली द्या

गावोगावी साहित्य संमेलनं भरवणाऱ्या संयोजक मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

दिवाळी झाली की तुमची धावपळ सुरू होते, हे मला ठाऊक आहे. मांडव कुणाचा, जेवणाचा ठेका कुणाला, पाहुण्यांना आणायला गाडी कुणाची, यातून मान वर काढायला तुम्हाला सवड नसते. तरी हे पत्र शेवटपर्यंत वाचा, कारण मागणी लहान आहे. संमेलनाच्या आवारात दोन दिवसांसाठी आम्हा विज्ञानकथेच्या वाचकांना एक खोली हवी. शाळेचा वर्ग चालेल. बाकं आम्ही हलवू आणि जाताना होती तशी लावून जाऊ.

मी कराडची. हायस्कुलात ३३ वर्षं गणित शिकवून निवृत्त झाले. विज्ञानकथेचं वेड मात्र नोकरीच्या आधीपासूनचं आहे. मी लिहीत नाही, कधी एक ओळही लिहिलेली नाही. मी वाचते, दुसऱ्याला वाचायला देते आणि त्याचं वाचून झालं की त्याच्याशी बोलत बसते. एवढंच करत आले. या 'एवढंच' करण्यात माणसं आयुष्य घालवतात आणि त्यातून एका भाषेचं साहित्य उभं राहतं, हे मला गेल्या वर्षी कळलं. ते आधी सांगते, म्हणजे खोली कशाला हवी ते आपोआप उमजेल.

माझी मुलगी नोकरीनिमित्त योकोहामाला असते. तिच्याकडे गेले होते तेव्हा एका संध्याकाळी ती मला समुद्राकाठी घेऊन गेली. तिथे पॅसिफिको योकोहामा नावाचं भलंमोठं संमेलनगृह आहे. शेजारी शिडाच्या आकाराचं हॉटेल, पलीकडे आकाशपाळणा, पाळण्याच्या मधोमध घड्याळ. मुलगी म्हणाली, "आई, तुझ्यासारखी वेडी माणसं जगभरातून इथे जमली होती." २००७ सालची गोष्ट. ३० ऑगस्ट ते ३ सप्टेंबर असं विज्ञानकथेचं जागतिक संमेलन, म्हणजे वर्ल्डकॉन, त्या इमारतीत भरलं होतं. आशियात ते पहिल्यांदाच आलं होतं. सन्माननीय पाहुण्यांत साक्यो कोमात्सूंसारखे नामवंत कादंबरीकार होते, चित्रकार होते, आणि त्यांच्याच पंगतीला ८० वर्षांचे एक गृहस्थ होते, ताकुमी शिबानो. एके काळचे शाळेतले गणिताचे मास्तर. त्यांचा मान होता तो चाहता म्हणून, रसिक म्हणून.

गणिताचे मास्तर म्हटल्यावर माझं लक्ष लागलं. मग रोज रात्री जेवणं झाली की मुलगी जपानी मजकूर उघडून बसायची आणि मला मराठीत सांगत जायची. मी वहीत उतरून घेत होते.

शिबानो १९२६ साली जन्मले. शिकले तोक्योच्या तंत्रज्ञान विद्यापीठात आणि पुढे शाळामास्तर झाले. १९५५ च्या सुमारास तोक्योत उडत्या तबकड्यांचा अभ्यास करणारं एक मंडळ निघालं होतं. तबकड्या कुणाला दिसल्या की नाही हा प्रश्न बाजूला ठेवू. पण आकाशाकडे बघून 'समजा असं झालं तर' म्हणणारी माणसं तिथे एकत्र आली, हे खरं. शिबानोंनी त्यातली गोष्टीत रमणारी माणसं हेरली आणि १९५७ मध्ये एक हौशी मासिक सुरू केलं. नाव 'उचूजिन', म्हणजे अवकाशातली धूळ. त्या वेळी जपानात विज्ञानकथेला वाहिलेलं एकही टिकलेलं व्यावसायिक मासिक नव्हतं. ते पुढे दोनेक वर्षांनी आलं. म्हणजे बाजार तयार होण्याआधी वाचकांनी आपली जागा करून घेतली होती.

त्या मंडळात शिनइची होशी नावाचा एक तरुण होता. वडिलांच्या पश्चात औषधांची कंपनी गळ्यात पडलेली, ती सांभाळता सांभाळता हातची गेलेली. त्याने 'उचूजिन'च्या दुसऱ्या अंकात एक छोटी कथा दिली. ती एदोगावा रान्पो या रहस्यकथांच्या थोर लेखकाच्या नजरेस पडली आणि त्याच वर्षी त्यांच्या मोठ्या मासिकात पुन्हा छापून आली. होशींनी पुढे हजारावर लघुकथा लिहिल्या. जपानात शाळकरी पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे त्या वाचतात. मुलीच्या शेजारच्या आजींनीही होशींचं नाव काढताच हसून मान डोलावली. एका मास्तरच्या हौशी मासिकातून ही वाट निघाली.

आता संमेलनाकडे येते, कारण तुमचा संबंध तिथे आहे. मे १९६२ मध्ये तोक्योच्या मेगुरो भागात जपानी विज्ञानकथेचं पहिलं संमेलन भरलं. मेगुरोत भरलं म्हणून त्याचं नाव 'मेगकॉन'. भरवणारे शिबानो आणि त्यांचे सोबती. तेव्हापासून ते जवळजवळ दर वर्षी भरत आलं आहे, आणि आपल्या संमेलनासारखंच ते गावोगाव फिरतं. ज्या गावचे वाचक पुढे येतील त्यांनी भरवायचं. नावही प्रत्येक गावचं वेगळं. ओसाकाचं नाव 'दाइकॉन' पडलं. जपानीत दाइकोन म्हणजे मुळा, त्यामुळे ते नाव कुणी विसरत नाही. १९८१ च्या ओसाकाच्या संमेलनासाठी तिथल्या कॉलेजच्या पोरांनी सुरुवातीला दाखवायला म्हणून एक छोटी ॲनिमेशन फिल्म केली. पैसे नाहीत, अनुभव नाही, रात्री जागून हाताने चित्रं काढलेली. त्याच पोरांपैकी काहींनी १९८४ मध्ये गायनॅक्स नावाचा स्टुडिओ काढला. पुढे ॲनिमेचे नामवंत दिग्दर्शक झालेले हिदेआकी आन्नो त्यांतलेच एक. आज आपल्याकडची कॉलेजची मुलं जपानी ॲनिमे बघतात, त्यातला एक मोठा झरा हा असा एका वाचकसंमेलनाच्या मागच्या खोलीतून निघालेला आहे.

१९७० पासून त्या संमेलनात 'सेइउन' म्हणजे तेजोमेघ नावाचा पुरस्कार देतात. निवड समिती नाही. संमेलनाला आलेले सभासद मत देतात आणि निकाल लागतो. मला ही पद्धत फार आवडली. जो वाचतो त्याला मत.

शिबानो दिवसा शाळेत शिकवायचे, आणि उरलेला वेळ मासिक, पत्रव्यवहार, नवख्यांची हस्तलिखितं, संमेलनाची तयारी यात जायचा. सोबत पत्नी साचिकोबाई. शाळामास्तरच्या घरात महिनाअखेर कशी असते हे मला कुणी सांगायला नको. आणि त्या घरात सतत येणाऱ्या माणसांचा चहा कोण करतं, तेही. म्हणून १९९६ च्या अमेरिकेतल्या वर्ल्डकॉनने चाहते-पाहुणे म्हणून ताकुमी आणि साचिको अशी दोघांचीही नावं घातली, हे ऐकून मला फार बरं वाटलं.

अमेरिकेला ते दोघं पहिल्यांदा गेले १९६८ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या वर्ल्डकॉनसाठी. तिकिटाचे पैसे? तिथल्या चाहत्यांनी वर्गणी काढली होती. दोन दशकांपूर्वी ज्यांच्या देशाशी युद्ध झालं, तिथल्या एका मास्तरला आणि त्याच्या बायकोला गोष्टींवर बोलायला या म्हणून वर्गणी. मुलीने हे वाचून दाखवलं तेव्हा मी वही मिटून थोडा वेळ नुसती बसले.

१९७७ मध्ये त्यांनी शाळा सोडली आणि पूर्ण वेळ भाषांतराला घेतला. भाषांतरकार म्हणून टोपणनाव घेतलं 'कोझुमी रेई'. पटकन म्हणून बघा, 'कॉस्मिक रे' ऐकू येईल. त्यांच्या हयातीतच, १९८२ पासून, त्यांच्या नावाने चाहत्यांसाठी पुरस्कार सुरू झाला. लेखकाला द्यायचा नाहीच, संमेलनासाठी राबणाऱ्याला द्यायचा. जानेवारी २०१० मध्ये ते गेले. तिकडचे लोक त्यांना जपानी विज्ञानकथेला लहानाचं मोठं करणारा पालक म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, बाई, जपानचं जपानला. मराठीत वाचक आहेत कुठे?

संयोजकहो, जानेवारी १९३७ मध्ये इंग्लंडात लीड्स गावी विज्ञानकथाप्रेमींचं संमेलन भरलं तेव्हा थिऑसॉफिकल हॉलमध्ये जेमतेम २० माणसं होती. त्यांतला एक पोरगा होता आर्थर क्लार्क, पुढचा जगप्रसिद्ध विज्ञानकथालेखक. १९३९ मध्ये न्यूयॉर्कला पहिलं वर्ल्डकॉन भरलं तेव्हाही २०० च्या आसपासच. शहरात तेव्हा जागतिक प्रदर्शन चाललं होतं म्हणून यांनीही आपल्या बैठकीला 'जागतिक' म्हणून टाकलं. आज ते जगभर फिरतं. कुठे भरवायचं ते सभासद मतदानाने ठरवतात, आणि भरवणारे सगळे बिनपगारी असतात. कुणी सुट्टी टाकून येतं, कुणी दारावर बिल्ले वाटतं, कुणी खुर्च्या उचलतं. दर महिन्याला कथांवर बोलायला जमणाऱ्या आमच्या दहा-बारा वाचकांच्या बैठकीला कुणी हसलं की मला आता लीड्सचा तो हॉल आठवतो.

आणि मराठीत सुरुवात झालेली नाही असंही नाही. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून काम करते आहे. तिच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ मध्ये 'नारायण विनायक जगताप' या नावाने एक कथा आली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. ते जगताप म्हणजे जयंत नारळीकर होते, हे आता सर्वांना माहीत आहे. परीक्षकांनी अक्षर ओळखू नये म्हणून त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी ती कथा आपल्या हाताने उतरवून दिली होती. दुसऱ्याच वर्षी आमच्या कराडला साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत. त्या संमेलनातल्या त्यांच्या आणीबाणीविरुद्धच्या ताठ कण्याची आठवण सगळे काढतात, आणि काढायलाच हवी. पण दुर्गाबाईंनी भाषणात नारळीकरांच्या विज्ञानकथांचीही दखल घेतली होती. मी तेव्हा सहावीत होते. वडील घरी येऊन म्हणाले, "आपल्या मराठीत आता आकाशाच्या गोष्टी येणार." माझं वेड तिथून सुरू झालं. २०२१ मध्ये नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्ष नारळीकर झाले. प्रकृतीमुळे त्यांना स्वतः येता आलं नाही. तरी एका विज्ञानकथालेखकाचं नाव त्या यादीत लागलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. मे २०२५ मध्ये ते गेले, त्यानंतरच्या आमच्या बैठकीत आम्ही फक्त त्यांच्याच कथा मोठ्याने वाचल्या.

म्हणजे लेखकांना स्पर्धा मिळाली, दिवाळी अंक मिळाले, अध्यक्षपदही मिळालं. आपल्या संमेलनाची सुरुवातच १८७८ साली पुण्यात 'ग्रंथकार' संमेलन म्हणून झालेली आहे. ग्रंथकारांनी जमायचं आणि वाचकांनी समोर सतरंजीवर बसायचं, ही बसायची रीत तेव्हापासूनची. मी त्याला नावं ठेवत नाही. त्या सतरंजीवर बसूनच मी शहाणी झाले. पण वाचक एकमेकांकडे तोंड करून बसलेत, असं दृश्य मी कुठल्याही मांडवात पाहिलेलं नाही.

आमच्या घरी ते महिन्याच्या दुसऱ्या रविवारी असतं. माझ्याकडे पत्र्याची एक ट्रंक आहे. दिवाळी अंकांतल्या विज्ञानकथा सोडवून, शिवून, खाकी कागदाचं कव्हर घालून त्यात ठेवलेल्या आहेत. प्रत्येकीच्या शेवटी दोन कोरे कागद जोडलेत. वाचणाऱ्याने त्यावर पेन्सिलीने लिहायचं. त्यातलं एक पान तुम्हाला दाखवावंसं वाटतं. एसटीच्या वर्कशॉपमधले एक मेकॅनिक आमच्यात येतात. एका कथेत अवकाशयान भर वेगात काटकोनात वळतं. त्यांनी लिहिलं होतं, "एवढ्या वेगात आमची गाडी घाटात वळवली तर दरीत जाईल." त्याखाली नववीतल्या एका मुलीने लिहिलं, "काका, तिथे रस्ताच नाही, चाकं धरणार कशाला? वळायचं तर आडवं इंजिन पेटवायला पाहिजे." त्याखाली पुन्हा मेकॅनिक, "मग लेखकानं ते इंजिन लिहायला पाहिजे होतं." त्याच्याखाली मुलीने यानाची आकृती काढली आहे, इंजिनं कुठे कुठे लागतील ते बाणांनी दाखवून. हे सगळं दोन महिन्यांत घडलं. शाळेत ३३ वर्षांत बलाचा धडा इतक्या जिवंतपणे शिकलेली मुलगी मी फार थोड्या वेळा पाहिली. ज्या लेखकाची ती कथा आहे, त्याला हे पान कधी दिसणार?

हा प्रश्न मला छळतो.

एकदा आम्ही धीर करून एका संमेलनात वेळ मागितला. गाव कुठलं ते सांगत नाही. कुणाला बोल लावायला हे पत्र लिहीत नाही. दुपारी चारला अर्धा तास मिळाला होता. आधीचा कार्यक्रम लांबला. पाच वाजले, साडेपाच झाले. मग निवेदकांनी सांगितलं, विज्ञानाच्या मंडळींनी दोन-दोन मिनिटांत मनोगत व्यक्त करावं, कारण पुढे कविसंमेलन आहे. नववीतली ती मुलगी आकृतीचा मोठा तक्ता गुंडाळून मांडीवर घेऊन बसली होती. तो उलगडायलाच दोन मिनिटं लागली असती. तिने तो उलगडला नाही.

आम्ही उठलो आणि स्वयंपाकाच्या मांडवामागे गेलो. घासलेली पातेली पालथी घातली होती, त्यांच्या शेजारी सतरंजी टाकली. आचाऱ्याने आपण होऊन चहा दिला. तक्ता पातेल्याला टेकवून उभा केला. बोलणं सुरू झालं ते रात्री अकरापर्यंत. त्या गावची तीन मुलं वाढपाच्या कामावर होती, ती हात पुसत येऊन बसली. त्यांतला एक म्हणाला, असलं मराठीत असतं हे मला माहीतच नव्हतं. तो आजही दर महिन्याला ६० किलोमीटरवरून येतो. त्या रात्री मला समजलं की आम्हाला मुख्य मांडवात वेळ मागायलाच नको होता. पातेल्यांजवळची ती जागा मागायला हवी होती.

तर खोलीत काय करणार ते सांगते, म्हणजे तुम्हाला घोर नको. दीपप्रज्वलन नाही, शाल-श्रीफळ नाही, अध्यक्षीय समारोप नाही. खुर्च्या गोल. येणाऱ्या प्रत्येकाने १०० रुपये भरायचे, लेखक आला तर त्यानेही तेवढेच. चहाचा खर्च त्यातून भागेल, तुमच्याकडे एक पैसाही मागणार नाही. एका टेबलावर जुने अंक आणि पुस्तकं, वाचायची, बदलायची, विकायची. एका भिंतीवर मुलांची चित्रं. ट्रंक दाराशी उघडी. वर्षभरात आलेल्या कथांमधली कुठली आवडली यावर दुसऱ्या दिवशी दुपारी चिठ्ठ्या टाकायच्या आणि सगळ्यांसमोर मोजायच्या. त्या लेखकाला आम्ही पत्र पाठवू आणि सोबत ती पेन्सिलीने लिहिलेली पानं, झेरॉक्स काढून. त्याला प्रशस्तिपत्रापेक्षा तीच जास्त दिवस पुरतील असं मला वाटतं.

कुणी म्हणेल, संमेलनात ललित आहे, कविता आहे, त्यात विज्ञानकथेचेच एवढे लाड का? माझं उत्तर असं की ही कथा एकट्याने वाचून पुरी होत नाही. कवितेपाशी माणूस एकटा थांबू शकतो. विज्ञानकथा वाचली की मनात पहिला प्रश्न येतो, हे खरंच असं होईल का? तो प्रश्न विचारायला दुसरं माणूस लागतं, आणि ते माणूस मेकॅनिक असलं, नर्स असलं, शेतात ठिबकच्या नळ्या टाकणारं असलं तर जास्त चांगलं. प्रश्न विचारणारे भेटले नाहीत की लेखक त्याच त्या यंत्रमानवाच्या आणि परग्रहवासीयांच्या गोष्टी लिहीत राहतो. गेल्या काही वर्षांतले अंक चाळताना मला हे जाणवतं आणि वाईट वाटतं. शिबानोंच्या मासिकातला लेखक अंक निघाल्यावर वाचकांच्याच तावडीत सापडत होता. होशींची धार तिथे लागली, असं मी समजते.

पहिल्या वर्षी २० जण आले तरी आम्ही समाधानी असू. खरं तर आताच २३ नावं आली आहेत. पैसेही आले आहेत. ते माझ्या कंपासपेटीत ठेवले आहेत, कारण पावती पुस्तक छापायचं की नाही हे तुमच्या उत्तरावर ठरेल. मेकॅनिककाकांनी दोन दिवसांची रजा टाकून ठेवली आहे. ती मुलगी आता बारावीला आहे, परीक्षा असूनही येते म्हणते. तक्ता तिच्याकडेच आहे.

तुमच्यापैकी ज्यांचं संमेलन येत्या हंगामात आहे, त्यांनी एका ओळीचं उत्तर पाठवलं तरी पुरे. खोली कुठल्या मजल्यावर आहे, ट्रंक चढवायला जिना किती अरुंद आहे आणि रात्री किल्ली कुणाकडे द्यायची, तेवढं कळवा.

आपली,
विज्ञानकथेची एक वाचक,
कराड